पाऊस झोपवतो, टपटप जागवते : घरातल्या आवाजांचं काय करायचं?

पावसाळा सुरू झाला की वाचकांचे काही प्रश्न हमखास येतात. मुसळधार पावसात गाढ झोप लागते, मग पाऊस थांबल्यावर खिडकीच्या छपरीवरच्या टपटपीने जाग का येते? बाळाच्या खोलीत रात्रभर मोबाइलवर पावसाचा आवाज लावून ठेवला तर चालेल का? मुलगा कानात गाणी लावून अभ्यास करतो, करू द्यावं का? पत्र्याच्या घरात सर आली की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही, त्यावर काही उपाय आहे का? आणि रात्री अकरा वाजता समोरच्या मंडपातला स्पीकर चालूच असेल, तर सांगायचं कोणाला?

अशा वेळी आपण एकच गोष्ट बघतो : आवाज किती मोठा आहे. पण त्रास होणार की नाही हे बहुतेक वेळा दुसऱ्याच तीन गोष्टींवर ठरतं. आवाज सलग आहे की तुटक? त्यात कोणाचे शब्द आहेत का? आणि तो बंद करणं तुमच्या हातात आहे का? हे तीन प्रश्न आधी विचारले, तर उपाय अनेकदा घरातल्या घरात आणि कमी खर्चात होतो. जिथे तो घरात होत नाही, तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे.

आधी आवाज नेमका ओळखा

"फार आवाज येतो हो" एवढ्या सांगण्यावर पत्रे बसवणारा कारागीर काही करू शकत नाही, सोसायटीचा सेक्रेटरीही नाही आणि पोलीसही नाहीत. म्हणून दोन-तीन दिवस एका वहीत पुढच्या गोष्टी लिहून ठेवा :

- पाऊस कशावर पडतो आहे? स्लॅब, कौलं, लोखंडी पत्रा, सिमेंटचा पत्रा, फायबरची शीट, झाडाची पानं, प्लास्टिकचं पिंप. पाऊस तोच असला तरी प्रत्येकावर आवाज वेगळा होतो. जाड कौल थेंबाचा मार पचवतं. पातळ लोखंडी पत्रा मात्र ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो.
- आवाज सलग आहे की सुटा? सलग असेल तर "रिपरिप चालू होती", "झड लागली होती" असं लिहा. सुटा असेल तर दोन थेंबांमध्ये साधारण किती वेळ जातो ते लिहा.
- तो येतो कुठून? खिडकी उघडून आणि बंद करून बघा. फरक पडला तर तो हवेतून, फटींतून येतो आहे. काहीच फरक पडला नाही तर तो भिंतीतून, पाइपातून किंवा छतातून येत असण्याची शक्यता जास्त.
- कधी येतो? पाऊस चालू असताना की थांबल्यावर? पंखा बंद केल्यावरच जाणवतो का?
- त्या वेळी तुम्ही काय करत असता? झोप, वाचन, फोनवर बोलणं, स्वयंपाक. एकच आवाज स्वयंपाक करताना जाणवतही नाही आणि हिशेब करताना नकोसा होतो.

पाऊस किती होता हे लिहितानाही नेमकेपणा ठेवा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस आणि ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति जोरदार. पण छपराच्या आवाजासाठी हा दिवसभराचा आकडा पुरेसा नाही. ७० मिलिमीटर पाऊस दिवसभर संततधारेने पडला तर पत्र्याखाली राहता येतं. तोच दोन तासांत कोसळला तर घरात बोलणंही कठीण होतं. थेंबाचा आकारही महत्त्वाचा आहे. भुरभुर पावसाचा बारीक थेंब सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने खाली येतो, तर वळवाच्या सरीतला टपोरा थेंब जवळपास नऊ मीटर वेगाने आदळतो. म्हणून कारागिराला "आमच्याकडे खूप पाऊस पडतो" असं सांगू नका. "मोठ्या थेंबांची सर आली की अर्धा तास काही ऐकू येत नाही, रिमझिम असली की त्रास नाही" असं सांगा. त्यावरून त्याला काम ठरवता येईल.

सलग आवाज झोपवतो, सुटा आवाज का उठवतो?

झोपेतही कान बंद होत नाहीत. मेंदू आजूबाजूचा आवाज तपासत राहतो आणि त्यात बदल झाला की सावध होतो. सलग पावसात हजारो थेंबांचे आवाज एकमेकांत मिसळतात, त्यातला एकही वेगळा ऐकू येत नाही. शिवाय रस्त्यावरचा हॉर्न, कुत्र्यांचं भुंकणं, जिन्यातली पावलं हे सगळं त्या आवाजाखाली दबून जातं. पाऊस थांबला की खोली शांत होते आणि छपरीवर पडणारा एकेक थेंब सुटा ऐकू येतो. थेंबांमधलं अंतर कमी-जास्त होत असेल, तर पुढचा थेंब कधी पडेल याची आपण नकळत वाटच बघू लागतो.

मध्यरात्री वीज जाते, पंखा थांबतो आणि त्या अचानक आलेल्या शांततेनेच जाग येते, हा अनुभव तुम्हाला असेलच. पावसाळ्यात गारवा वाढला म्हणून पंखा बंद केला की एरवी न जाणवणारे फ्रिजचे, नळाचे, शेजारच्या टीव्हीचे आवाज वर येतात, त्याचंही कारण हेच.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, चांगल्या झोपेसाठी खोलीतला सलग आवाज ३० डेसिबलच्या आसपास आणि मधूनच येणारे सुटे आवाज ४५ डेसिबलच्या आत असावेत. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे एक आवाज झाकण्यासाठी त्याहून मोठा आवाज लावत गेलात, तर मूळ त्रास बाजूला राहतो आणि नवा सुरू होतो.

शांत झोपेसाठी पाच पायऱ्या, याच क्रमाने

१. आवाज जिथे होतो तिथेच थांबवा. शहरातल्या इमारतींमध्ये सर्वात जास्त तक्रार येते ती खिडकीच्या छपरीची. वरच्या मजल्यावरच्या एसीची नळी तुमच्या छपरीच्या वर दोन-तीन फुटांवर संपते, किंवा वरच्या ग्रिलवर साठलेलं पाणी पाऊस थांबल्यावर तासन्‌तास ठिबकत राहतं. प्रत्येक थेंब त्याच जागी पडतो. दिवसा बघितलंत तर पत्र्यावर तिथे स्वच्छ गोल डाग दिसतो. त्या डागावर काथ्याच्या पायपुसण्याचा किंवा कृत्रिम गवताच्या चटईचा वीतभर तुकडा ठेवून तारेने ग्रिलला घट्ट बांधा. थेंब तंतूंमध्ये मुरतो आणि टप्‌ असा आवाज होत नाही. नळीच्या तोंडाला नायलॉनची दोरी बांधून तिचं दुसरं टोक छपरीवर टेकवलं, तर पाणी दोरीवरून ओघळत खाली येतं. पक्का उपाय म्हणजे नळी वाढवून ड्रेनेजच्या पाइपात सोडणं. वरच्या मजल्यावरच्यांशी गोडीने बोललात तर प्लंबरचं ते थोड्याच वेळाचं काम आहे.

न्हाणीघरातल्या गळक्या नळालाही तात्पुरती सुतळी बांधा आणि दुसऱ्या दिवशी वॉशर बदलून घ्या. सोसायटीच्या पंपाची घरघर भिंतीतून येत असेल, तर पंपाखाली रबराचे पॅड बसवण्याचा लेखी अर्ज द्या.

२. फटी बुजवा. सरकत्या खिडक्यांच्या झिजलेल्या ब्रशपट्ट्या आणि दाराखालची फट यांतून बराच आवाज आत येतो. हार्डवेअरच्या दुकानात रबरपट्टी आणि ब्रशपट्टी मिळते. मात्र खोलीत गॅसचा गीझर असेल किंवा शेगडी पेटवत असाल, तर हवेची वाट कधीही पूर्ण बंद करू नका.

३. पलंग हलवा. उशी खिडकीपासून किंवा पाइपाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीकडे नेल्यानेही फरक पडतो. याला खर्चही नाही.

४. मगच सलग आवाजाची मदत घ्या. पंख्याचा हलका आवाज बहुतेकांना पुरतो. तो भिंतीकडे तोंड करून ठेवला तर अंगावर वारा येत नाही आणि आवाज तेवढा मिळतो.

५. शेवटी कानातले बोळे. फोमचे बोळे स्वच्छ, कोरडे हवेत. पावसाळ्यातल्या दमटपणात कानात बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं. कान खाजत, दुखत किंवा वाहत असेल तर बोळे आणि इअरफोन दोन्ही बंद ठेवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा मोडते, आणि असं तीन महिने चाललं आहे, तर दोष फक्त आवाजाचा नाही. डॉक्टरांकडे जा. निद्रानाशावर गोळ्यांशिवायही चांगले उपचार आहेत.

मोबाइलवरचा पाऊस : लावावा की नाही?

काही जणांना त्याने लवकर झोप लागते, काहींना काहीच फरक पडत नाही. सगळ्यांना उपयोग होतोच असा ठाम पुरावा नाही. आठवडाभर करून बघा, सकाळी ताजंतवानं वाटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. लावणार असाल तर :

- गडगडाट नसलेलं ध्वनिमुद्रण निवडा. पक्ष्यांची हाक, ढगांचा गडगडाट, वाऱ्याचे झोत हे सगळे बदल आहेत आणि बदलानेच जाग येते.
- व्हिडिओ लावून ठेवू नका. मध्येच मोठ्या आवाजातली जाहिरात लागते. आवाजाची फाइल आधी उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा.
- फाइल मोठी हवी. अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजला की त्यातला जोड कानाला कळतो आणि खटकतो.
- आवाज हळूच ठेवा. शेजारच्याशी हळू आवाजात बोललात तरी ऐकू गेलं पाहिजे, इतपतच.
- बंद होतानाही हळूहळू होऊ द्या. टायमरने एकदम शांतता झाली तर जाग येऊ शकते. आवाज कमी होत जाण्याची सोय असेल तर ती वापरा.
- इअरफोन घालून झोपू नका आणि फोन उशीखाली ठेवू नका. फोन तापतो आणि कान रात्रभर ओलसर राहतो.

बाळासाठी जास्त काळजी घ्या. २०१४ साली एका अभ्यासात बाळांना झोपवण्यासाठी विकली जाणारी १४ आवाजाची यंत्रं तपासली गेली. पूर्ण आवाजावर ठेवल्यावर त्यांतली काही जवळून ८५ डेसिबलच्या पुढे गेली. कारखान्यात कामगाराने आठ तासांपेक्षा जास्त सोसू नये असा तो आवाज आहे. त्यामुळे यंत्र किंवा मोबाइल पाळण्यापासून किमान दोन मीटर लांब ठेवा, आवाज सर्वात खालच्या पातळीवर ठेवा आणि बाळ झोपलं की बंद करा. तुमचं गुणगुणणं बाळाला केव्हाही जास्त जवळचं आहे.

पत्र्याचं छप्पर : कोणता पर्याय कोणाला?

पत्र्याचा आवाज कमी करायचे तीन मार्ग आहेत : थेंबाचा मार पत्र्यावर थेट पडू न देणं, पत्र्याची थरथर कमी करणं आणि छत व माणूस यांच्यामध्ये थर घालणं. पहिला मार्ग सर्वात परिणामकारक आहे, कारण तिथे आवाज मुळातच कमी तयार होतो.

- भाड्याचं घर, खर्च कमी : पत्र्यावर काथ्याच्या चटया किंवा नारळाची झापं दोरीने आवळून बांधा. कोकणात ही जुनी पद्धत आहे. ताडपत्री घालत असाल तर ती ताणून बांधा. सैल ताडपत्री वाऱ्यात फडफडली तर आवाज आणखी वाढतो. पावसाळा संपला की सगळं काढून पत्रे सुकवा, नाहीतर ते गंजतात.
- खडखड होत असेल तर : आधी स्क्रू तपासा. रबराचे वॉशर झिजले की पत्रा वाऱ्यातही वाजतो आणि गळतोही. वॉशर बदलले की दोन्ही त्रास जातात.
- स्वतःचं घर, मध्यम खर्च : पत्र्याखाली ग्लासवूल किंवा रॉकवूलचा थर आणि त्याखाली फॉल्स सीलिंग करा. त्यामुळे उन्हाळ्यातली उष्णताही कमी होते. ग्लासवूल उघडं ठेवू नका, आणि बसवणाऱ्याने मास्क आणि हातमोजे घातलेच पाहिजेत.
- नवं छप्पर घालायचं असेल तर : दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेले सँडविच पॅनल किंवा कौलं यांचा विचार करा. कौलांचं वजन जास्त असतं, म्हणून वाशांची ताकद जाणकाराकडून तपासून घ्या.

हे करू नका :

- थर्माकोलच्या शीट चिकटवू नका. त्यांनी आवाज फारसा कमी होत नाही आणि त्या आग मात्र लवकर धरतात.
- जुन्या ॲसबेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याला घरी भोकं पाडू नका, तो कापू किंवा फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.
- ओल्या छपरावर चढू नका. सिमेंटचा पत्रा पायाखाली अचानक फुटतो. छपरावरची कामं मे महिन्यातच उरकून घ्या.

पत्र्याच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. जोराची सर आली की आवाज चढवून शिकवत राहू नका. मागच्या बाकांवर शब्द पोचत नाहीत आणि तुमचा घसा मात्र बसतो. तेवढा वेळ फळ्यावर लिहून काम द्या किंवा चित्र, शुद्धलेखन, गणितं सोडवायला सांगा. ज्या मुलाला कमी ऐकू येतं, त्याला पुढे बसवा. शाळा व्यवस्थापन समितीपुढे छपराच्या अस्तराचा विषय मांडताना वर्गाचे किती तास वाया जातात याची नोंद जोडा.

अभ्यास आणि काम : कानात काय चालेल, काय नाही

- वाचन, पाठांतर, लेखन : कळणाऱ्या भाषेतली गाणी, बातम्या, मालिका बंद ठेवा. शब्द कानावर पडले की मेंदू त्यांचा अर्थ लावायला जातो आणि वाचलेली ओळ निसटते. खिडकीतला पाऊस, पंखा, किंवा शब्द नसलेलं संथ संगीत चालतं.
- तेच तेच हातकाम : धान्य निवडणं, कपड्यांच्या घड्या, फाइल लावणं यांत गाण्यांची चांगली सोबत होते.
- फोन आणि ऑनलाइन बैठक : बोलणं समजत नसेल तर आवाज वाढवण्याआधी पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करा आणि खिडकीपासून दूर बसा.

मुलाशी "गाणी बंद कर" असा वाद घालण्यापेक्षा एक पाहणी करा. एकाच अवघडपणाचे दोन धडे घ्या. एक गाण्यांसह आणि एक गाण्यांशिवाय वाचू द्या आणि दोन्हींवर दहा-दहा प्रश्न विचारा. गुण त्यालाच मोजू द्या. आपण कशात नीट शिकतो हे त्याचं त्यालाच कळेल.

इअरफोनचीही मर्यादा पाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्यांनी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐकावं, आणि मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. आवाज तीन डेसिबलने वाढवला की सुरक्षित वेळ निम्मा होतो.

घरातल्या नाजूक कानांची काळजी

ज्येष्ठांसाठी : वय वाढलं की आवाज ऐकू येतो, पण गोंगाटातून शब्द वेगळे काढता येत नाहीत. पाऊस, टीव्ही आणि कुकरची शिट्टी एकदम चालू असेल तर आजोबा गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं त्यांचं लक्ष नाही. त्यांच्यासमोर बसा, टीव्ही बंद करा, चेहऱ्यावर उजेड येऊ द्या, सावकाश बोला. ओरडू नका. ओरडल्याने शब्द जास्त स्पष्ट होत नाहीत. श्रवणयंत्र असेल तर पावसाळ्यात रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

कानात सतत आवाज येणाऱ्यांसाठी : अगदी शांत खोलीत तो आवाज जास्त जाणवतो. हलका सलग आवाज सोबतीला असला की बऱ्याच जणांना बरं वाटतं. आवाज एकाच कानात येत असेल, चक्कर येत असेल किंवा अचानक ऐकू येणं कमी झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उशीर केल्याने नुकसान कायमचं होऊ शकतं.

ठरावीक आवाज असह्य होणाऱ्यांसाठी : चावण्याचा, पेनाच्या टकटकीचा आवाज आला की काहींच्या अंगाचा तिळपापड होतो. हा हट्ट किंवा नखरा नाही. ऑडिओलॉजिस्ट किंवा समुपदेशक यांची मदत घ्या आणि घरच्यांनी चेष्टा करू नये.

हे आवाज कधीच झाकू नका

डोंगरउतारावर, घाटाखाली किंवा ओढ्याकाठी राहत असाल, तर मुसळधार पावसाच्या रात्री कानात बोळे घालू नका आणि मोबाइलवर काहीही लावून झोपू नका. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला, महाड तालुक्यातलं तळिये जुलै २०२१ मध्ये आणि खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेली. इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा गाव झोपेत होतं. पुढच्या खुणा दिसल्या किंवा ऐकू आल्या तर वाट न बघता घर सोडा, शेजाऱ्यांना उठवा आणि सुरक्षित ठिकाणी गेल्यावर ११२ ला कळवा :

- झाडं मोडल्याचा कडकड आवाज, दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज.
- जमिनीतून येणारा आणि वाढत जाणारा घरघराट.
- पाऊस चालू असूनही ओढ्याचं पाणी अचानक कमी होणं, किंवा एकदम वाढून गढूळ होणं.

संततधारेच्या काळात वस्तीतल्या दोघा-तिघांनी आळीपाळीने जागं राहावं. सगळ्यांना उठवण्यासाठी मंदिराची घंटा किंवा शिट्टी, अशी एक खूण आधीच ठरवा.

विजांच्या बाबतीतही कानांवर भरवसा ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा. वीज साधारण तेवढे किलोमीटर दूर आहे. अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असेल तर शेतातून, मैदानातून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप परिसरातल्या विजांची सूचना देतं. ते फोनमध्ये ठेवा, पण ढग वाजत असताना सूचनेची वाट बघत बाहेर थांबू नका.

तुमचा हक्क काय आहे?

शांत झोप ही कोणी केलेली मेहेरबानी नाही. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्त जगणं घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडलं. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधल्या या गोष्टी लक्षात ठेवा :

- मर्यादा : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.
- लाउडस्पीकर : लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही. रात्री १० नंतर उघड्यावर बंदी आहे. उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. तुमच्या जिल्ह्यातले हे दिवस जाहीर होतात; गणपती-नवरात्राआधी ती यादी बघून ठेवा.
- शेजाऱ्याची साउंड सिस्टिम : खासगी जागेच्या हद्दीवर तिचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये.
- हॉर्न, फटाके, बांधकाम : निवासी भागात रात्री आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवायला, तसंच रात्री आवाजाचे फटाके फोडायला मनाई आहे. रात्री निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत.

तक्रार करायची तर अशी

१. शक्य असेल तर आधी बोला. दुसऱ्या दिवशी, शांतपणे, नेमकं सांगा : "काल साडेअकरापर्यंत गाणी चालू होती, घरात आजारी माणूस आहे."

२. सोसायटीत असाल तर समितीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागू नये, हे उपविधींतच आहे.

३. आवाज चालू असतानाच ११२ ला किंवा पोलीस ठाण्यात फोन करा. जागा, वेळ, आवाजाचा प्रकार सांगा. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा.

४. घड्याळ दिसेल असा छोटा व्हिडिओ घ्या. डेसिबल मोजणं तुमचं काम नाही, ते यंत्रणेचं आहे. मोबाइलचं ॲप फक्त अंदाज देतं. रात्री १० नंतर उघड्यावर चाललेल्या स्पीकरसाठी तर मोजमापाची वाटही बघावी लागत नाही, तिथे वेळच मोडलेली असते.

५. नाव उघड होईल अशी भीती वाटत असेल तर तसं स्पष्ट सांगा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाउडस्पीकरच्या तक्रारींवर तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करण्याचे निर्देश पोलिसांना दिले आहेत.

६. पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर पोलीस ठाण्यात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. स्पीकरला परवानगी होती का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. साधारण ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं.

तक्रारीत "रोज त्रास होतो" असं मोघम लिहू नका. तारीख, वेळ, किती वेळ चाललं आणि घरात कोणाला काय झालं हे लिहा. सुरुवातीला ठेवलेली वही इथे कामाला येते. पाच घरांनी मिळून सही केलेला अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा जास्त गांभीर्याने घेतला जातो.

सुरुवात कुठून कराल?

आज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं दिवे बंद करून खोलीत बसा आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज लिहा. त्यातला जो तुमच्या हातात आहे, तो उद्याच बंद करा : गळका नळ, सैल पत्रा, दाराखालची फट. जो दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्यासाठी या आठवड्यात एकाशी बोला किंवा एक अर्ज द्या.

आणि हे फक्त स्वतःसाठी करू नका. आवाजाचा सर्वात जास्त त्रास तान्ह्या बाळांना, आजाऱ्यांना, परीक्षेला बसलेल्या मुलांना आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगारांना होतो. यांतले बरेच जण तक्रार करू शकत नाहीत किंवा करत नाहीत. तुम्ही बांधलेला चटईचा तुकडा, तुम्ही कमी केलेला टीव्ही आणि तुम्ही केलेली एक सही, यांनी त्यांचीही झोप वाचते.